मागे केलेला हात

मयताच्या घरी जायला पैलीला कधी पत्ता विचारावा लागला नाही. केरळातल्या मीनच्चिल नदीच्या या अंगाला कुणी गेलं, की आधी चर्चची घंटा एकेक टोल देत वाजायची, मग बर्फाची पेटी यायची आणि तिच्या पाठोपाठ पैली. लग्नाकार्याला हल्ली नव्या स्टुडिओतली पोरं चालत, ड्रोन उडवणारी, नवरानवरीला चिखलात लोळवणारी. पण मेलेल्या माणसाचा फोटो पैलीनेच काढायचा, असा इथल्या ख्रिस्ती घरांचा हट्ट होता. तो हट्ट काही चुकीचा नव्हता. पैली मेलेल्याचं तोंड असं टिपायचा की घरच्यांना वाटावं, म्हातारा आता उठून काळी कॉफी मागणार.

पैली पुढे चालला की त्याच्या मागे उसेप्प चालायचा. उसेप्प त्याचा थोरला भाऊ. धाकट्याच्या हातात कॅमेरा आणि थोरल्याच्या खांद्यावर बॅग, काखेत छत्री, दुसऱ्या हातात उजेड फेकायचा पांढरा फळा. गाव म्हणायचं, ही उलटी गंगा कुठून आणली. उसेप्पला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पहाटे रबराच्या झाडांना चिरा पाडायच्या, चीक गोळा करून ठेवायचा, की दिवस मोकळा. मोकळ्या दिवसाचं माणसाने काय करायचं, भावाची बॅग उचलायची, इतका त्याचा सरळ हिशेब होता.

पैलीचं लग्न झालंच नाही. उसेप्पची बायको लेक लहान असतानाच गेली. मग घरात दोघे भाऊ, त्यांची म्हातारी आई एलियम्मा आणि ती एक लेक, रिन्सी. तिच्या वेण्या घालायला दोघेही शिकले, आणि दोघांनीही घातलेली वेणी शेवटपर्यंत वाकडीच राहिली. बापाला चाच्चन आणि काकाला कोच्चप्पा म्हणणारी ती रिन्सी आता आखातात नर्स होती.

घरोघर हेच होतं म्हणा. या भागातल्या प्रत्येक घराचं एखादं पोर तरी परदेशात, आणि मरण काही रजेचा अर्ज बघून येत नाही. म्हणून पैलीची एक रीत होती. पेटी अंगणात आणून ठेवली, उशाशी क्रूस आणि मेणबत्त्या लागल्या, की तो नातेवाइकांना पेटीभोवती उभं करायचा आणि जे पोर येऊ शकलं नाही त्याची जागा रिकामी सोडायचा. थोरला मुलगा डोक्याशी, धाकटी मुलगी हाताशी, ज्याचं जे स्थान ते. "इथं सोड, इथं जॉणी आहे," असं तो म्हणायचा, आणि लोक खरोखर जॉणीला धक्का लागू नये तसे सरकायचे. नंतर तो जॉणी तिकडे पांढऱ्या भिंतीपुढे मान खाली घालून फोटो काढून घ्यायचा आणि पाठवायचा, आणि पैली त्याला त्याच्या जागी नेऊन उभा करायचा. सावलीसुद्धा जुळवायचा. तो फोटो चौकटीत बसून बाहेरच्या खोलीत लागायचा, आणि एकदोन वर्षांनी जॉणी स्वतःच सांगायला लागायचा, मी उशाशी उभा होतो, पप्पांच्या कपाळावर माशी बसली ती मी हाकलली. त्याला कुणी खोटं म्हणत नसे. उभा राहायला जागा होती, म्हणजे तो होता.

हा फोटो सोडून दुसरा फोटो निघालेला पैलीला खपत नसे. कुणी खिशातून फोन काढला की तो कॅमेरा खाली घ्यायचा आणि त्या माणसाकडे नुसता बघत राहायचा. फोन परत खिशात जायचा. मेलेल्याच्या तोंडावर पंधरा फोन रोखायचे म्हणजे काय, ती काय आंब्यावरची वटवाघळं आहेत, असं त्याचं म्हणणं. अच्चन, म्हणजे चर्चचे पाद्री, तेसुद्धा त्याच्या बाजूने बोलायचे.

फोटो झाला की पैली कॅमेऱ्यातून कार्ड काढायचा आणि न बघता हात मागे करायचा. मागे उसेप्प असायचाच. कॅमेऱ्यात रीळ घालायचे तेव्हापासूनची ही सवय. उसेप्प ते कार्ड घेऊन ओसरीवर बसायचा, स्टुलावर लॅपटॉप उघडायचा, फोटो त्यात उतरवायचा, मग एका वेगळ्या डब्यात त्यांची आणखी एक प्रत ठेवायचा. घरातल्या वडीलधाऱ्याला बोलावून फोटो दाखवायचा. त्याने मान हलवली की मग पेटी उचलायची.

घोडं अडलं ते त्या लॅपटॉपपाशी. त्याचं बिजागर तुटलं होतं, ते रबराच्या पट्टीने बांधलेलं. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात रडणारे दमून गप्प व्हायचे. नवे आलेले अच्चन घड्याळ बघायला लागले. एका घरी तर तो उघडलाच नाही, आणि पेटी उचलायला आलेले लोक खांदे मोकळे करून पुन्हा उभे राहिले. पैलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रिन्सीचा फोन आला. तिची मैत्रीण सुट्टीवर घरी येत होती, तिच्या सामानात एका वस्तूपुरती जागा होती. टॅब्लेट पाठवू की लॅपटॉप, एवढं सांगा, दोन्ही नाही जमणार.

मग काय विचारता. त्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कप्पा, म्हणजे साबुकंद, आणि मासे खाताना तेच, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तेच. पैलीचं पारडं टॅबकडे झुकलेलं. वजन नाही, स्टूल लागत नाही, दिवसभर चार्जिंग टिकतं, उन्हात दिसतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यावा, त्याने डोळ्यांजवळ नेऊन बघावं. पैलीची मानही आता दुखायला लागली होती. उसेप्पचं मत दुसरं, आणि कारण त्याहून तिसरं.

"लॅपटॉपच माग," तो म्हणाला. "त्याला झाकण असतं."

"झाकण कशाला हवंय, इच्चाया? लोणचं घालायचंय का त्यात?" पैलीने थोरल्या भावाला विचारलं.

"मयताच्या घरी उघडी वस्तू नेऊ नये. बघून झालं की झाकावं. ही तुझी पाटी सताड उघडी. कुणीही यावं आणि बोट लावावं."

"बोट लावायलाच असते ती."

"तेच म्हणतोय मी, पैल्या."

आतल्या खोलीतून एलियम्मा ओरडली, की भांडताय कशाला, दोघं दोन घ्या. मांडीचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत होते.

खरं सांगायचं तर पैलीने मानेचा विचार करून ठरवलं नाही, कामाचाही नाही. नव्या स्टुडिओतल्या पोरांच्या हातात त्याने टॅब बघितला होता. रबराची पट्टी सोडत बसलेल्या उसेप्पकडे लोक ज्या नजरेने बघायचे ती नजर त्याला नको होती. एवढंच होतं. माणूस जन्मभर मेलेल्यांची तोंडं बघतो, तरी जिवंत माणसं आपल्याला काय म्हणतील ही धास्ती सुटत नाही.

टॅब आला. त्यातल्या अ‍ॅपवर फोटो एकामागून एक येत. आवडला तर बोटाने वर सारायचा, नको असेल तर खाली. शेवटचा फोटो सारला की ते विचारायचं, नको असलेले कायमचे काढून टाकू का? अंगठा दाबला की हललेले, डोळे मिटलेले, कुणी मध्येच शिंकलेला, सगळा कचरा साफ. पैली चार घरांत त्याला सरावला. अच्चनही खूश झाले.

उसेप्प मात्र जुना लॅपटॉप बॅगेत घालून मागे येतच राहिला. पैलीने सवयीने हात मागे केला की तो कार्ड घ्यायचा, आधी पैलीच्या टॅबमध्ये फोटो उतरवून द्यायचा, मग कोपऱ्यात बसून आपली पट्टी सोडायचा, आपली प्रत करून ठेवायचा आणि कार्ड आणून द्यायचा. तोवर पैलीचं टॅबवर दाखवून झालेलं असायचं.

"मेलेल्या बैलाला वैरण घालतोयस," पैली म्हणायचा.

"तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी," उसेप्प म्हणायचा, आणि झाकण लावायचा.

एका सकाळी उसेप्प रबराच्या झाडाखाली बसला तो उठला नाही. चीक वाहून नारळाच्या करवंटीत भरला, करवंटी भरून खाली सांडला, आणि चिरा पाडायची सुरी मांडीवर तशीच होती. त्याला उशीर का झाला म्हणून बघायला पैली गेला. तोंड शांत होतं. पैलीला त्याही क्षणी आधी उजेड दिसला, डावीकडून पानांतून येणारा, आणि मग भाऊ दिसला. या गोष्टीची त्याला पुढे फार लाज वाटली.

रिन्सीला यायचं जमेना. राहण्याचा परवाना नवा करायला म्हणून पासपोर्ट तिकडच्या कचेरीत अडकलेला. ती रडली, हातापाया पडली, इकडून पैलीच्या लग्न होऊन गेलेल्या बहिणींनी ओळखी लावल्या, पण तो काही निघाला नाही. किती दिवस बर्फात ठेवायचं? शेवटी तिनेच सांगितलं, नका थांबू.

थेट फोनवर दाखवू का, असं पैलीने विचारलं. हल्ली तसं करतात.

"नको," ती म्हणाली. "माझा फोन ड्युटीत कपाटात असतो, आणि मला हलतं-बिलतं काही बघायचं नाही. कोच्चप्पा, तू फक्त माझी जागा ठेव. चाच्चनच्या उशाशी. मला तिथं उभं राहायचंय."

"ठेवतो, मोळे," पैली पोरीला म्हणाला.

त्या दिवशी फोटो कोण काढणार हा प्रश्न बहिणींना पडला होता, पैलीला पडला नाही. नव्या स्टुडिओतला एक जण भल्या मनाने आला होता, काका, आज मी काढतो म्हणाला. पैलीने त्याला फाटकातूनच परत पाठवला. फोनही रोजच्यासारखेच खिशात गेले. आज त्याला कुणाकडे बघावंसुद्धा लागलं नाही, लोकांनी आपणहून ठेवले.

उसेप्पच्या हातांत पांढरे मोजे, मोज्यांत जपमाळ. कडक इस्त्रीचा मुंडू, जो त्याने आयुष्यात नीट नेसला नव्हता. पैलीने बहिणींना, त्यांच्या नवऱ्यांना, भाच्यांना उभं केलं. उशाशी उजव्या हाताला एक जागा सोडली. "इथं रिन्सी आहे," तो म्हणाला. मग तिच्याशेजारी आणखी एक सोडली. धाकट्या बहिणीने विचारलं ही कुणाची. "माझी," तो म्हणाला. "मला नंतर लावीन." फोटो काढणारा फोटोत कसा येणार?

त्याने पुष्कळ फोटो काढले, एरवीपेक्षा जास्त. थांबावंसं वाटेना. थांबलं की मग पेटी उचलायचीच होती.

शेवटी त्याने कार्ड काढलं आणि हात मागे केला.

हात तसाच राहिला. समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना तो दिसला, दोन बोटांत धरलेलं ते काळं कार्ड आणि मागे कुणी नाही. थोरल्या बहिणीने पदराचं टोक तोंडात कोंबलं. पैलीच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने हात पुढे घेतला, कार्डाकडे बघितलं, आणि ओसरीवर जाऊन फोटो टॅबमध्ये घेतले.

उसेप्पची बॅग आतल्या खोलीत, एलियम्माच्या पलंगावरच्या खुंटीला टांगलेली होती. लॅपटॉप त्यातच होता. पैलीला आठवलं नाही असं नाही. पण ती बॅग काढायची म्हणजे उसेप्पच्या खांद्याच्या घामाने काळा पडलेला तो पट्टा हातात घ्यायचा. ते त्याच्याने होईना. आज एक दिवस नाही केली प्रत तर काय बिघडतं, असं त्याने मनाला सांगितलं.

इथून पुढे त्याला खांदा द्यायचा होता. मिरवणुकीचे आणि चर्चमधले फोटो शेजारचा तंकच्चन काढणार होता. त्याला जागा कमी पडू नये म्हणून पैलीने कार्ड कोरं केलं, कॅमेऱ्यात घातलं, आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला. तंकच्चन उत्साही माणूस. म्हणाला, मी सगळा व्हिडिओच करतो, म्हणजे काही सुटायला नको.

एलियम्माला मुलगा दाखवायचा राहिला होता. तिला उचलणं शक्य नव्हतं, आणि तिच्या खोलीचं दार असं अरुंद की पेटी वळेना. दोनदा प्रयत्न करून बघितला, चौकटीचा रंग निघाला. मग पैली टॅब घेऊन आत गेला, तिच्या उशाशी बसला, आणि उसेप्पच्या तोंडाचा जवळून घेतलेला फोटो उघडून टॅब तिच्या दोन्ही हातांत दिला.

म्हातारीने तो नाकापर्यंत नेला. अंधूक डोळ्यांना काहीतरी दिसलं असावं. तिने उजवा हात सोडवून घेतला आणि पोराच्या तोंडावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. लहानपणी झोप येत नसली की फिरवायची तसा. दुसरा फोटो आला, उसेप्पच होता. तिने पुन्हा हात फिरवला, वरून खाली. पुन्हा दुसरा आला. "माझा उसेप्प," ती म्हणत होती, "माझं बाळ," आणि वरून खाली, वरून खाली. काचेतलं पोर दर वेळी हाताखालून निसटत होतं आणि पुन्हा येत होतं.

पैली बघत होता. फोटो बदलताहेत हेही त्याला दिसत होतं. त्याला वाटलं, बरं झालं, सगळेच बघू देत तिला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. तिचा हात धरावा असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी कुणाची छाती झाली असती? बाहेर गडगडायला लागलं. तुलाम महिन्यातला पाऊस दुपारी धरतोच. अच्चनांनी हाक मारली. पैली उठला, अश्रू पुसले आणि म्हातारीच्या हातातून हळूच टॅब काढून घेतला. त्यावर रोजचा प्रश्न आलेला होता. त्याने रोजच्यासारखा अंगठा दाबला, टॅब कपाटात ठेवला, आणि भावाला खांदा द्यायला बाहेर गेला.

मूठमाती देऊन आल्यावर लोकांनी कांजी आणि मूग खाल्ले. माणसं पांगली. बहिणी आईपाशी बसल्या. पैलीने टॅब उघडला. रिन्सीला एक तरी फोटो आजच पाठवावा असं त्याच्या मनात होतं.

टॅबमध्ये काहीच नव्हतं. आधीच्या घरांचे फोटो होते, उसेप्पचं घर नव्हतं. तो मागे गेला, पुढे गेला. बंद करून चालू केला. मग त्याला आईचा हात आठवला. वरून खाली. नको, नको, नको. आणि अंगठा कुणाचा होता, तर त्याचा.

तंकच्चनचं बघावं म्हणून त्याने कॅमेरा घेतला. तंकच्चनने खरोखर काही सोडलं नव्हतं. रेशमी छत्र्या होत्या, चांदीचा क्रूस होता, बँडवाल्यांचे गाल होते, साऱ्या गावाची पाठमोरी डोकी होती. चर्चमध्ये तो खांबाआड उभा राहिला होता. पेटी दिसत होती, पेटीची कड दिसत होती, कडेवरची फुलं दिसत होती. फुलांच्या मागे उसेप्प होता, पण तो पैलीला माहीत होता म्हणून. आणि त्या लांबलचक व्हिडिओने कार्ड काठोकाठ भरलेलं.

दुसऱ्या दिवशी तो कोट्टयमला गेला, पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्याकडे. चांगला माणूस होता, चहा दिला. कार्ड बघून म्हणाला, यावर सगळं नवं लिहिलं गेलंय, खाली काही उरलेलं नाही. मग टॅब हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"यातून गेलेलं येत नाही," तो शेवटी म्हणाला. "दाराला कुलूप आणि किल्ली वितळलेली, असा प्रकार असतो यात. जुना लॅपटॉप असता तर थोडंफार खरवडून काढलं असतं. एखादी प्रत नव्हती का केलेली कुणी?"

"करायचा एक जण," पैली म्हणाला.

"मग त्यालाच विचारा की."

पैलीने चहाचा पेला खाली ठेवला आणि टॅब उचलून बसस्टँडवर आला.

घरी एलियम्मा रोज संध्याकाळी ती काच मागायची. उसेप्पला बघू दे म्हणायची. पहिल्या दिवशी पैलीने चार्जिंग संपलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याने खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. त्याने टॅब बंदच तिच्या हातात दिला. तिने अंधारी काच नाकाशी नेली, वरून खाली हात फिरवला आणि म्हणाली, आज अंधार केलाय रे यानं, झोपलाय वाटतं. आणि समाधानाने हात फिरवत राहिली. पैली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आता जे जायचं ते गेलेलंच होतं, तिने हवा तितका हात फिरवावा.

रिन्सी विचारत होती. आधी दोनदोन दिवसांनी, मग रोज. तो सांगायचा, काम चालू आहे, सावली जुळवतोय. मयताच्या प्रार्थनेचा एकेचाळिसावा दिवस जवळ आला. त्या दिवशी चौकट लागायला हवी होती.

तेव्हा पैलीने खुंटीवरची बॅग काढली. पट्टा हातात घेतला. लॅपटॉपची रबरी पट्टी सोडली आणि तो चालू व्हायची वाट बघत बसला. आता त्याला घाई नव्हती.

सगळं होतं त्यात. उसेप्पने एकेक घर नीट लावून ठेवलं होतं, नदीच्या या अंगाला गेलेला प्रत्येक माणूस होता. टॅब आल्यानंतरची घरंसुद्धा होती. शेवटचं घर उसेप्प जायच्या आठवडाभर आधीचं. पैलीच्या मनात जे होतं ते त्याने कुणाला सांगितलं नसतं. रिकाम्या जागा तो आयुष्यभर भरत आला होता. मग पेटीतली जागा का भरू नये? कुणाचं तरी घर घ्यायचं, कुणाचा तरी देह घ्यायचा आणि तोंड तेवढं भावाचं लावायचं. बहिणींना कळेल, पण त्या गप्प बसतील.

त्याने भावाचं तोंड शोधायला सुरुवात केली. घरामागून घर बघितलं. एका फोटोच्या कडेला पांढऱ्या फळ्याचा कोपरा होता आणि तो धरलेली चार बोटं. एका ठिकाणी छत्रीची मूठ. एका ठिकाणी जमिनीवर पडलेली सावली, खांद्याला बॅग असलेली. एवढ्या वर्षांत उसेप्पवर एकदाही कॅमेरा वळवला गेला नव्हता. तो मागे होता. मागे वळून बघायची पैलीला कधी गरज पडली नव्हती, हात केला की काम व्हायचं.

सापडलं ते मतदार कार्डावरचं तोंड. तेच त्याने घेतलं. वर्की नावाच्या एका म्हाताऱ्याच्या पेटीत, वर्कीच्या मानेवर, ते नेऊन बसवलं. रंग जुळवला, सावली जुळवली. मग मागे सरून बघितलं. पेटीत उसेप्प होता, हातांत जपमाळ होती, आणि त्याचे डोळे टक्क उघडे होते. तो सरळ पैलीकडे बघत होता.

पैलीने झाकण लावलं.

मग फोन वाजला. रिन्सी होती, नुकतीच ड्युटीवरून सुटलेली.

"कोच्चप्पा, मी माझा फोटो पाठवलाय बघ. चार वेळा काढून घेतला. पांढऱ्या भिंतीपुढे, तू सांगतोस तसा. मान डावीकडे खाली घातलीय, चाच्चनकडे बघितल्यासारखी. उंची जुळेल ना? मी चप्पल काढून उभी राहिले, अंगणात कुणी चप्पल घालून उभं नसेल म्हणून."

"जुळेल," पैलीच्या तोंडून गेलं. मग तो म्हणाला, "रिन्सी, ऐक. फोटो राहिला नाही. एकही राहिला नाही. माझ्या हातून गेला."

त्याने तिला सगळं सांगितलं. कार्ड सांगितलं, अंगठा सांगितला, कोट्टयमचा माणूस सांगितला. आजीचा हात तेवढा सांगितला नाही. फोन तुटला असं त्याला वाटलं, पण तिच्यामागे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला, म्हणजे ती होती.

"माझी जागा ठेवली होतीस ना?" तिने विचारलं.

"ठेवली होती. उशाशी. कुणालाही येऊ दिलं नाही तिथं."

"मग आता मी कुठं उभी राहू?"

ती भांडत नव्हती. विचारत होती, लहानपणी शाळेच्या फोटोत विचारायची तसं. टेबलावर टॅब उजळला, तिचा फोटो येऊन पोहोचला होता. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, रिन्सी डावीकडे मान घालून उभी होती, आणि तिच्या डावीकडे नुसती भिंत होती. फोटोवर बोट लागू नये म्हणून पैलीने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तो बघत राहिला.